पेणची मूठ आणि रोह्याचा हिशेब

मराठी वाचकाला विनोबा भावे ठाऊक असतात ते 'गीताई'मुळे, आणि चिंतामणराव देशमुख ठाऊक असतात ते १९५६ सालच्या राजीनाम्यामुळे. दोघेही जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातले, हे मात्र चटकन ध्यानात येत नाही. विनोबा ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे या गावी जन्मले. देशमुखांचा जन्म त्यानंतर चार महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, रायगडाच्या पायथ्याकडच्या नाते या गावी झाला. घराणे मात्र रोह्याचे, आणि रोह्यातच आज त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. दोघांचाही पिंड संस्कृतावर पोसलेला. विनोबांनी गीता मराठीत आणली. देशमुखांनी 'मेघदूत' मराठीत आणले आणि गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधून 'गांधीसूक्तिमुक्तावली' सिद्ध केली. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला गाडीतून उतरले आणि काशीला निघून गेले. १९१८ साली देशमुख आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले आले. दोघेही १९८२ सालीच गेले, देशमुख २ ऑक्टोबरला आणि विनोबा १५ नोव्हेंबरला.

योगायोगाला अर्थ चिकटवण्याचा मोह साहित्याच्या अभ्यासकाला फार, म्हणून या तारखांवर आम्ही काहीही रचू इच्छीत नाही. परंतु या दोघांना एकत्र वाचावे असे एक सबळ कारण आहे. राजकारणाला आणि चळवळीला लागणारा पैसा कोठून यावा, या प्रश्नाला दोघांनीही, १९५६ ते १९५९ या एवढ्याशा काळात, अगदी निरनिराळी उत्तरे दिली. आपल्या कायद्याने त्यांपैकी एकही स्वीकारले नाही. आणि १९८२ सालच्या जानेवारीत, हे दोघेही हयात असतानाच, याच जिल्ह्यातल्या एका मुख्यमंत्र्याला याच प्रश्नापायी पायउतार व्हावे लागले. पक्षनिधीच्या कायद्याचा इतिहास दिल्लीहून सांगण्याची रीत आहे. तो पेण-रोह्याहून कसा दिसतो, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

स्वातंत्र्यापूर्वीचा हिशेब थोडक्यात आटोपता येईल. वर्षाला माणशी एक पैसा मागणाऱ्या पैसाफंडातून तळेगावचा काचकारखाना उभा राहिला, ही गोष्ट आपण शाळेत वाचतो. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी कोटीभर रुपये जमले. त्यात चार आण्यांचे सभासद होते, तसे एकट्याने तीन लाख देणारे अर्देशीर गोदरेजही होते. मूठ आणि थैली अशा दोन्ही वाटांनी पैसा येई, आणि कोणी किती दिले हे बहुधा अभिमानाने सांगितले जाई. देणगीदाराचे नाव झाकून ठेवावे लागते, ही कल्पना त्या काळाच्या राष्ट्रीय फंडांना परकीच वाटली असती. (परकीय सरकारच्या रोषाच्या भीतीने गुपचूप देणारे होते, हे खरे, पण ती गोष्ट वेगळी.)

पुढे राज्य आपले झाले आणि कायदा आला. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा घातली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत एका जागेच्या लोकसभा मतदारसंघासाठी ती २५,००० रुपये होती. याच निवडणुकीत अर्थमंत्री असलेले देशमुख कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसच्या उमेदवारीवर लोकसभेत गेले.

या मर्यादेचा वंश इंग्रजी आहे. १८८३ साली ब्रिटिश संसदेने निवडणुकीतील लाचलुचपत रोखण्यासाठी जो कायदा केला, त्याने प्रत्येक मतदारसंघातल्या उमेदवाराचा खर्च बांधून टाकला. त्या काळी निवडणूक म्हणजे खरोखरच एका गावातली, एका माणसाची लढाई असे. देशभर जाहिराती देणारा, विमाने फिरवणारा पक्ष तेव्हा कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता. ब्रिटनने ही उणीव ओळखून २००० साली पक्षांच्या देशव्यापी खर्चावरही मर्यादा घातली. आपण १८८३ चे पहिले पान उतरवून घेतले, दुसरे पान आजतागायत लिहिलेले नाही. २०२२ पासून मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपये खर्च करता येतात. त्याच्या पक्षाने किती खर्च करावा याला काहीही मर्यादा नाही. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर आपल्या कायद्याने कर्ता नेमला तो उमेदवार. पक्ष हा त्या वाक्यात अध्याहृतच राहिला.

आता देशमुखांकडे वळू. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर (१९४३ ते १९४९) म्हणून त्यांचा गौरव होतो तो योग्यच. पण अर्थमंत्री या नात्याने त्यांनी जे उभे केले ते आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची भारतीय स्टेट बँक झाली, ती त्यांच्या कारकिर्दीत. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याचा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला, तोही त्यांच्याच हातून. आणि भाभा समितीच्या अहवालावरून तयार झालेले कंपनी विधेयक संसदेत नेऊन, महिनोन्‌महिने चर्चा सोसून, त्यांनी १९५६ चा कंपनी कायदा घडवला. रिझर्व्ह बँक, स्टेट बँक आणि कंपनी कायदा ही तीन नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत. लेखाच्या शेवटाकडे ती पुन्हा भेटणार आहेत.

त्या विस्तीर्ण कायद्यात कंपनीने राजकीय पक्षाला देणगी द्यावी की न द्यावी, यावर एक शब्द नव्हता. मौनाचा अर्थ लावण्याचे काम न्यायालयांवर आले. टाटा लोखंड व पोलाद कंपनीने पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रकात दुरुस्ती मागितली, एका भागधारकाने तीस हरकत घेतली, आणि १९५७ साली प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्यापुढे आले. छागलांनी दुरुस्तीला संमती दिली, कारण कायद्यात तिला अडवणारे काही नव्हते. मात्र संमती देताना त्यांनी जे बजावले ते पुढल्या साठ वर्षांत वारंवार उद्धृत झाले आहे: हा धोका वाढत जाईल आणि एक दिवस लोकशाहीचा गळाच आवळील, तेव्हा संसदेने वेळीच लक्ष घालावे, असा त्याचा भाव होता. निकालपत्रात निकाल एका बाजूला आणि अंतःकरण दुसऱ्या बाजूला, असे दृश्य दुर्मीळच. निकालपत्र हा वाङ्मयप्रकार मानून कोणी अभ्यास केला तर हे निकालपत्र अवश्य घ्यावे.

संसदेने १९६० साली लक्ष घातले. कंपनी कायद्यात २९३ अ हे कलम आले: कंपनीने वर्षाला २५,००० रुपये किंवा मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे पाच टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्या आतच देणगी द्यावी, आणि रक्कम व पक्षाचे नाव नफातोट्याच्या पत्रकात छापावे. मर्यादा ढिलीच होती. पण 'नाव छापावे' हे दोन शब्द मोलाचे होते.

तोवर देशमुख मंत्रिमंडळात नव्हते. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याच्या निर्णयावरून आणि मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी न झाल्यावरून त्यांनी जुलै १९५६ मध्ये राजीनामा दिला. त्या राजीनाम्याने त्यांना मराठी मनात जी जागा मिळाली, तिच्या प्रकाशात १९५९ सालची त्यांची दुसरी कृती झाकोळून गेली, असे आम्हांला वाटते. त्या वर्षी त्यांनी जाहीरपणे सुचवले की मंत्र्यांवरील व उच्चपदस्थांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करण्यासाठी एक उच्चाधिकारी, निःपक्षपाती आणि कायमचे न्यायाधिकरण असावे. ते नेमले तर आरंभाला पाचसहा प्रकरणे आपणच देऊ. नेहरूंनी तपशील मागितला, देशमुखांचा आग्रह आधी यंत्रणा असा होता, पत्रे गेली-आली. अशा न्यायाधिकरणामुळे परस्परांवरील संशयाचे वातावरण माजेल, असे नेहरूंचे म्हणणे पडले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांना मात्र देशमुखांची सूचना विचार करण्याजोगी वाटली होती. न्यायाधिकरण काही झाले नाही.

देशमुखांच्या या मागणीत एक बारकावा आहे. त्यांनी खर्चाची मर्यादा वाढवा किंवा घटवा असे म्हटले नाही. हयात आकड्यांत घालवलेल्या या माणसाने आकडा मागितलाच नाही. पैसा दिला कोणी आणि त्याच्या बदल्यात मिळाले काय, हे विचारू शकणारी एक जागा असावी, इतकेच त्यांचे मागणे होते. हिशेब तपासायचा तर हिशेबनीस आणि तपासनीस एक असू नयेत, हा पेढीवरचा साधा नियम. राजकारणात तो लागू करा म्हणणारा माणूस सत्तेबाहेर जाऊन तीन वर्षे झाली होती. आत असताना त्याने कंपनी कायद्यात देणग्यांविषयी काही का लिहिले नाही, असा प्रश्न विचारणाराला विचारता येईल, आणि तो गैरही नाही.

विनोबांचे उत्तर त्याआधीच येऊन गेले होते, आणि ते सर्वस्वी वेगळ्या भाषेत होते. १९५० साली पवनारला त्यांनी 'कांचनमुक्ती'चा प्रयोग मांडला, पैशावाचून आश्रम चालवण्याचा. पुढे १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीहून भूदान सुरू झाले. पाच वर्षांत त्या चळवळीच्या जिल्हावार समित्या झाल्या, कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले, आणि तो पैसा मुख्यतः गांधी स्मारक निधीतून येऊ लागला. म्हणजे एका मोठ्या थैलीवर चळवळ चालू लागली. नोव्हेंबर १९५६ मध्ये तमिळनाडूतल्या पळणी येथे विनोबांनी 'तंत्रमुक्ती' आणि 'निधिमुक्ती' जाहीर केली: समित्या बरखास्त, निधीची मदत बंद. त्यानंतर आली 'सर्वोदय-पात्रा'ची कल्पना. घरोघर एक भांडे ठेवावे, घरातल्या लहान मुलाने रोज त्यात एक मूठ धान्य टाकावे आणि त्यावर कार्यकर्त्याचा योगक्षेम चालावा. मूठ मुलाची, म्हणजे लहान. घर गरिबाचे असले तरी तिचा भार होऊ नये. आणि ज्या घरात भांडे आहे त्या घराची चळवळीला रोजची संमती आहे. भांडे रिकामे राहिले तर संमती संपली, कार्यकर्त्याने ओळखावे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला ही रूपकाची भाषा वाटेल. ती तशी नाही. देणगीदार लक्षावधी आणि प्रत्येकाची देणगी नगण्य, म्हणजे कोणाही एकाचे ओझे घेणाऱ्यावर नाही, हे तत्त्व पाश्चात्त्य देशांत पुढे फार गंभीरपणे अमलात आले. छोट्या देणगीला सरकारने जोड द्यावी अशा योजना तिकडच्या अनेक ठिकाणी आहेत. आपल्याकडेही १९६४ साली भ्रष्टाचारप्रतिबंधावरील संथानम समितीने कंपन्यांच्या देणग्यांवर संपूर्ण बंदी सुचवताना असाच हिशेब मांडला होता, की कुटुंबांनी वर्षाला रुपया-रुपया दिला तरी पक्षांच्या रास्त गरजा भागतील. सरकारी समिती आणि पवनारचा ऋषी एकाच मुठीपाशी येऊन पोचले होते.

पण मूठ भरली नाही. तंत्र आणि निधी एकदम सोडल्यावर भूदानाचे जिल्ह्याजिल्ह्यांतले काम अनेक ठिकाणी मंदावले, आणि सर्वोदय-पात्रे काही शहरांत काही काळ टिकून हळूहळू माजघराच्या कोपऱ्यात गेली. विनोबाभक्त याचे खापर लोकांच्या माथी फोडतात. आम्हांला ते पटत नाही. मूठ गोळा करायलाही कोणीतरी दारोदार जावे लागते, त्याची वही ठेवावी लागते. म्हणजे ज्या तंत्रातून मुक्ती हवी तेच पुन्हा लागते. रोह्याच्या हिशेबावाचून पेणची मूठ सांभाळली जात नाही. शिवाय विनोबांना पक्षच नको होते, लोकनीती हवी होती. जे नकोच, त्याच्या पैशाचा कायदा तरी कशाला सुचवावा?

१९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी आली. संथानम समितीची शिफारस अमलात आली असे वरवर दिसते. पण काळ पाहावा. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसचे बळ घटले होते, उद्योगपतींचा पैसा स्वतंत्र पक्षाकडे व इतरांकडे वळू लागला होता, आणि काँग्रेसच्या आत फूट शिजत होती. त्याच उन्हाळ्यानंतर, ऑगस्ट १९६९ मध्ये, स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांचे राष्ट्रपतिपदाचे उमेदवार म्हणून उभे होते आपले देशमुख. वराहगिरी वेंकट गिरी निवडून आले, संजीव रेड्डी दुसरे, देशमुख तिसरे.

बंदीने धनादेश थांबला, पैसा थांबला नाही. त्याने दोन नवी रूपे घेतली. एक रोकडीचे, ते सर्वांना माहीत आहे. दुसरे छापील, आणि ते आमच्या क्षेत्रातले म्हणून थोडे थांबून सांगतो: स्मरणिका. पक्षाने अधिवेशनाची किंवा जयंतीची स्मरणिका काढायची आणि कंपनीने तिच्यात पानभर जाहिरात द्यायची. देणगी बेकायदा, जाहिरात कायदेशीर. मराठीतल्या स्मरणिकांवर, त्यांतल्या लेखांवर, कोणी ना कोणी लिहिले आहे. त्यांच्या मागच्या जाहिरातींच्या पानांवर मात्र कोणी लिहिल्याचे आम्ही वाचलेले नाही, आणि त्या ग्रंथाचे खरे प्रयोजन पुष्कळदा त्या पानांतच असे. १९७८ साली प्राप्तिकर कायद्यात दुरुस्ती होऊन पक्षांच्या स्मरणिकांतील जाहिरातींवरची करसवलत गेली आणि हा वाङ्मयप्रकार ओसरला.

याच दशकात उमेदवार आणि पक्ष यांच्यातली ती जुनी फट एकदा बुजता बुजता राहिली. दिल्लीतल्या १९७१ च्या एका निवडणुकीच्या वादात, कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला, सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर १९७४ रोजी सांगितले की पक्षाने एखाद्या उमेदवारासाठी केलेला खर्च त्या उमेदवाराच्याच खर्चात धरला पाहिजे. न्यायमूर्ती भगवतींचे म्हणणे सरळ होते: नाहीतर मर्यादेला अर्थ काय? हा अर्थ पुरता पंधरवडाभर टिकला. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला, मग कायदा झाला, आणि १९५१ च्या कायद्याच्या ७७ व्या कलमाला एक 'स्पष्टीकरण' जोडले गेले, की पक्षाचा वा मित्रांचा खर्च उमेदवाराचा मानू नये. स्पष्टीकरण या शब्दाचा इतका उलटा वापर भाष्यपरंपरेत क्वचितच झाला असेल. २००३ साली ते बदलून बरेच आखूड केले, तोवर एकोणतीस वर्षे गेली होती.

आता १९८२. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले हे आंबेतचे, श्रीवर्धनचे आमदार; जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. कुलाब्याचा रायगड झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत, १९८१ साली. कामाचा झपाटा आणि निर्णयाची धडाडी यांबद्दल रायगडकर अजूनही त्यांचे नाव आदराने घेतात, आणि ते अकारण नाही. ऑक्टोबर १९८० मध्ये त्यांनी 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' स्थापन केले. उद्देश काय, तर साहित्यिक आणि कलावंत यांना साहाय्य. आमच्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. मराठी लेखकाच्या नावाने गोळा झालेल्या पैशाचे हे प्रकरण आहे.

त्या काळी सिमेंट नियंत्रित होते; खुल्या बाजारात ते मिळणे कठीण, आणि वाटप सरकारच्या हाती. मुंबईतल्या बिल्डरांना सिमेंटचा कोटा मिळत होता, आणि तेच बिल्डर प्रतिष्ठानाला देणग्या देत होते. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांनी हे मांडले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी, देणगी आणि सिमेंट यांचा एकमेकांशी संबंध होता, असा निष्कर्ष दिला. अंतुल्यांनी लगेच राजीनामा दिला. पुढे रामदास नायक यांच्या फिर्यादीवरून खटला चालला; सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली तो उच्च न्यायालयाकडे सोपवला आणि १९८८ साली, सात न्यायाधीशांच्या पीठाने, आपलाच तो आदेश चुकीचा ठरवला. अंतुल्यांना या प्रकरणात शिक्षा झाली नाही. ते पुढे कुलाब्यातूनच लोकसभेवर अनेकदा निवडून गेले आणि केंद्रात मंत्रीही झाले. हेही नोंदवले पाहिजे.

या प्रकरणाला नीतिकथेचे रूप देण्याची सवय पत्रकारितेने लावली. आम्हांला त्यातली रचना अधिक बोलकी वाटते. कंपनीने पक्षाला देणगी देणे १९६९ पासून गुन्हा. पण विश्वस्त संस्थेला देणे पुण्यकर्म. धनादेश खराखुरा, पावती खरीखुरी, हेतू वाङ्मयसेवेचा. पक्षनिधीच्या कोणत्याही कायद्याने हा व्यवहार पकडला नसता, कारण कागदोपत्री तो पक्षनिधीच नव्हता. तो पकडला गेला तो केवळ सिमेंटच्या पोत्यांची नोंद सरकारी वह्यांत तारीखवार असल्यामुळे: देणगीची तारीख आणि कोट्याची तारीख शेजारी ठेवता आल्या. फेब्रुवारी १९८२ च्या अखेरीस सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठले. एक वही बंद झाली, एवढे खरे.

आणखी एक जोड. प्रतिष्ठानाची थैली भरत होती त्याच सुमारास, विनय हर्डीकर यांच्या 'जनांचा प्रवाहो चालिला' या आणीबाणीवरील पुस्तकाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार याच सरकारने नाकारला. लेखकांनी निषेध केला, आणि १९८१ साली मुंबईत मालतीबाई बेडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समांतर साहित्य संमेलन भरले. सिमेंट प्रकरणाच्या इतिहासात हे संमेलन येत नाही, आणि संमेलनाच्या इतिहासात सिमेंट येत नाही. दोन्ही एकाच मंत्रालयातून निघाली होती.

१९८५ साली कंपन्यांच्या देणग्या पुन्हा कायदेशीर झाल्या, सरासरी नफ्याच्या पाच टक्क्यांपर्यंत, आणि नाव छापण्याच्या अटीसह. २०१३ च्या नव्या कंपनी कायद्याने ही मर्यादा साडेसात टक्के केली. मधल्या काळात समित्या पुष्कळ झाल्या, त्यांची यादी देऊन वाचकांना शिणवत नाही. मात्र 'किती' मोजण्याचा फोलपणा कळण्यासाठी २००९ ची महाराष्ट्र विधानसभा आठवावी. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरचे गौरवलेख निरनिराळ्या दैनिकांत शब्दशः सारखे छापून आले होते, हे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. उमेदवाराच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. निवडणूक आयोगाने २०१४ साली तो हिशेब सदोष ठरवला, दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. तीन दैनिकांत एकच परिच्छेद कसा, हा पाठचिकित्सेचा प्रश्न आहे. कायद्याने तो खर्चाचा म्हणून विचारला आणि उत्तर मिळाले नाही.

पेण तालुक्याने तर कायद्याच्या चौकटीबाहेरचे मतदानही पाहिले आहे. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत, महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही, यावर जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचा कौल घेतला. उमेदवार नाही, पक्षचिन्ह नाही, म्हणून खर्चाची मर्यादाही नाही आणि हिशेबही नाही. कोणी कोणासाठी काय खर्चले हे विचारण्याची सोयच नव्हती, आणि सरकारने निकालही अधिकृतपणे जाहीर केला नाही. प्रकल्प मात्र झाला नाही.

राहिली ती तीन नावे. २०१७ च्या वित्त कायद्याने निवडणूक रोख्यांची तरतूद केली, कंपन्यांच्या देणगीवरील साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकली, आणि कोणत्या पक्षाला दिले हे ताळेबंदात सांगण्याची सक्तीही काढली. १९६० साली जे छापणे बंधनकारक होते ते आता झाकण्याची मुभा झाली. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१७ मध्येच लेखी हरकत घेतली होती, की असे वाहकाचे रोखे हातोहात फिरून चलनासारखे वागतील; हरकत बाजूला ठेवली गेली. रोखे विकण्याचा अधिकार मिळाला तो फक्त स्टेट बँकेला. २०१८ पासून तीस फेऱ्यांत सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ही योजना आणि कंपनी कायद्यातला तो बदल, दोन्ही घटनाबाह्य ठरवले. मतदाराला पक्षाचा पैसा कोणाचा हे जाणण्याचा अधिकार आहे, हा त्याचा गाभा.

न्यायालयाने स्टेट बँकेला नावे देण्यास सांगितले. बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली: घेणाऱ्यांची माहिती एकीकडे, वटवणाऱ्यांची दुसरीकडे, दोन्ही मुंबईच्या मुख्य शाखेत बंद लिफाफ्यांत आहेत, आणि त्या जुळवायला वेळ लागेल. न्यायालयाने मुदत दिली नाही. १४ मार्चला निवडणूक आयोगाने दोन याद्या प्रसिद्ध केल्या, पण एकीचा दुसरीशी सांधा नव्हता. २१ मार्चला बँकेने रोख्यांचे अनुक्रमांक दिले. त्या संध्याकाळी देशभरातले पत्रकार, विद्यार्थी आणि कुतूहल असलेली साधी माणसे त्या दोन याद्या समोरासमोर ठेवून, क्रमांकाला क्रमांक जुळवत बसली होती.